उघड्या हवेतील खलिते : सार्वजनिक वाय-फायच्या सुरक्षिततेचा इतिहास (थ्रेड)

१/
४ जून १९०३. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बिनतारी संदेशवहनाचे प्रात्यक्षिक होते. व्यासपीठावर भौतिकशास्त्रज्ञ जॉन अँब्रोज फ्लेमिंग होते आणि सुमारे ४०० किलोमीटर दूर, कॉर्नवॉलमधील पोल्धू येथून खुद्द मार्कोनी संदेश पाठवणार होते. तो संदेश येण्याआधीच सभागृहातील यंत्र टकटकू लागले. मोर्स लिपी जाणणाऱ्या साहाय्यकाने अक्षरे जुळवली, तेव्हा एकच शब्द पुनःपुन्हा उमटत होता : उंदीर. पाठोपाठ, एका इटालियन तरुणाने लोकांना कसे फसवले याचे एक टवाळ पद्य येऊ लागले. हवेतून कोणी तिसराच बोलत होता.

२/
हा तिसरा म्हणजे नेव्हिल मॅस्केलाइन. व्यवसायाने जादूगार, हौसेने बिनतारी यंत्रांचा जाणकार. यंत्रे विशिष्ट लहरीवर जुळवली की त्यांचे संदेश दुसऱ्या कोणाला ऐकता येत नाहीत, असा मार्कोनींचा दावा होता. मॅस्केलाइनने तो आधीच खोटा ठरवला होता. समुद्रतळाच्या तारा टाकणाऱ्या ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीच्या सांगण्यावरून त्याने कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर उंच खांब उभारला आणि मार्कोनींचे संदेश सहज टिपले. मुंबईहून इंग्लंडला जाणाऱ्या तारा याच कंपनीच्या जाळ्यातून जात असत. बिनतारी तंत्र यशस्वी झाले तर आपला धंदा बसेल, ही तिची धास्ती होती.

३/
फ्लेमिंग संतापले. त्यांनी 'द टाइम्स'ला पत्र लिहून या कृत्याला वैज्ञानिक गुंडगिरी ठरवले आणि गुन्हेगाराचा शोध लावण्याचे आवाहन केले. मॅस्केलाइनने आपण होऊन उत्तर दिले : लोकांना खरे काय ते कळावे, एवढ्यासाठीच हा खटाटोप केला. त्याचा हेतू निखळ नव्हता, तरी त्याने दाखवलेली दोन वैगुण्ये खरी होती. हवेतून जाणारा संदेश कोणीही ऐकू शकतो, हे पहिले. हवेतून कोणीही दुसऱ्याच्या नावाने बोलू शकतो, हे दुसरे. रेल्वे स्थानकावर, विमानतळावर वा चहाच्या दुकानात आज मिळणाऱ्या वाय-फायचा सारा सुरक्षा-इतिहास या दोन वैगुण्यांभोवती फिरतो.

४/
पहिल्या वैगुण्याची किंमत अकरा वर्षांत कळली. ऑगस्ट १९१४ मध्ये दोन रशियन सैन्ये पूर्व प्रशियात शिरली. सांकेतिक लिपीची पुस्तके सर्व तुकड्यांपर्यंत पोहोचली नव्हती; संदेशकांना पुरेसे प्रशिक्षणही नव्हते. परिणामी सेनापतींचे हुकूम साध्या भाषेत रेडिओवरून गेले. रेनेनकाम्फचे सैन्य कोठवर येणार आणि सॅमसोनोव्हचे सैन्य कोणत्या दिशेने वळणार, हे जर्मनांनी नुसते कान देऊन ऐकले. टॅननबर्गच्या लढाईत सॅमसोनोव्हचे सैन्य वेढले गेले, नव्वद हजारांच्या आसपास सैनिक कैद झाले आणि सॅमसोनोव्हने आत्महत्या केली. पराभवाची कारणे अनेक होती. तथापि शत्रूला योजना आयती सांगण्याचे काम उघड्या हवेने केले.

५/
यानंतर सैन्ये शहाणी झाली. सामान्य माणसाचा मात्र या प्रश्नाशी संबंध येण्यास अजून अवकाश होता. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी बेटाबेटांवरील संगणक रेडिओने जोडले. त्या जाळ्याचे नाव अलोहानेट. १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने काही लहरपट्टे परवान्याविना वापरण्यास मोकळे केले. त्यांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा होता. तोवर तो मुख्यतः मायक्रोवेव्ह भट्ट्यांसारख्या उपकरणांचा, म्हणजे दूरसंचाराच्या दृष्टीने जवळपास टाकाऊ मानलेला. याच पडीक जमिनीवर पुढे वाय-फायचे पीक आले.

६/
१९९७ मध्ये आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेने ८०२.११ हे मानक प्रसिद्ध केले. वेग सेकंदाला जेमतेम २ मेगाबिट. १९९९ मध्ये तो ११ मेगाबिटवर गेला, 'वाय-फाय' हे सुटसुटीत नाव एका नामकरण-संस्थेकडून तयार करून घेण्यात आले आणि त्याच वर्षी ॲपलच्या आयबुक या लॅपटॉपबरोबर बिनतारी जोडणी घराघरांत शिरू लागली. तार असेपर्यंत चोराला भिंत ओलांडून आत यावे लागे. आता घरातील संभाषण भिंत ओलांडून रस्त्यावर जाऊ लागले.

७/
मानककर्त्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. त्यांनी 'वेप' नावाची कुलूपव्यवस्था दिली. तिच्या नावाचाच अर्थ 'तारेइतकी गोपनीयता' असा होता. कुलूप मात्र तकलादू निघाले. अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांमुळे गुप्त किल्ली केवळ ४० बिटांची ठेवली गेली. शिवाय प्रत्येक पुडक्यासाठी बदलणारा जो आकडा किल्लीला जोडला जाई, तो २४ बिटांचा होता, म्हणजे त्याचे प्रकार सुमारे १ कोटी ६८ लाख. संख्या मोठी वाटते. परंतु गजबजलेल्या जाळ्यावर ती काही तासांत संपे आणि आकडे पुन्हा तेच येऊ लागत. एकाच साच्यातून दोनदा गेलेला गुप्त मजकूर जाणकाराला अर्धा उलगडलेलाच असतो.

८/
२००१ हे वर्ष वेपच्या मरणाचे. आरंभी बर्कली येथील बोरिसोव्ह, गोल्डबर्ग आणि वॅग्नर यांनी त्यातील दोष मांडले. ऑगस्टमध्ये फ्लूरर, मांटिन आणि शमीर यांनी त्याच्या गाभ्यातील आरसी४ या पद्धतीच्या वापरातील मर्म उघड केले. लगेच तयार साधने उपलब्ध झाली आणि कुलूप तोडण्यास गणिताची पदवी लागेनाशी झाली. २००७ पर्यंत डार्मश्टाटच्या संशोधकांनी १०४ बिटांची मोठी किल्लीही एका मिनिटाच्या आत काढून दाखवली.

९/
याच काळात एक विलक्षण उपसंस्कृती जन्मली. लॅपटॉप आणि अँटेना घेऊन मोटारीतून शहरभर फिरायचे आणि कोणाचे जाळे उघडे आहे याची नोंद करायची, याला 'वॉरड्रायव्हिंग' म्हणत. २००२ मध्ये लंडनमधून 'वॉरचॉकिंग'ची टूम निघाली. भिंतीवर वा पदपथावर खडूने खुणा करायच्या : पाठीला पाठ लावलेली दोन अर्धवर्तुळे म्हणजे उघडे जाळे, पूर्ण वर्तुळ म्हणजे बंद, वर्तुळात इंग्रजी डब्ल्यू म्हणजे वेपचे कुलूप. ही कल्पना अमेरिकेतील भटक्या मजुरांच्या खुणांवरून सुचली होती. फुकट इंटरनेट मिळवणे हा बहुतेकांचा हेतू. सर्वांचा नव्हता.

१०/
वेपचे दोष जगजाहीर होऊन चार वर्षे लोटली, तरी टीजेएक्स या अमेरिकी दुकानसाखळीच्या दुकानांत तेच कुलूप होते. २००५ पासून चोरांनी दुकानाबाहेरून त्या जाळ्यात शिरकाव केला आणि तेथून मुख्य संगणकांपर्यंत मजल मारली. जानेवारी २००७ मध्ये प्रकरण उघडकीस आले. कंपनीने मान्य केलेला आकडा ४ कोटी ५७ लाख पेमेंट कार्डांचा होता. सूत्रधार अल्बर्ट गोन्झालेझ याला २०१० मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. तंत्रज्ञानातील दोष कळणे आणि तो दोष प्रत्यक्ष दुकानांतून हद्दपार होणे, यांत किती अंतर असते, याचे हे उदाहरण.

११/
वेपच्या जागी २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ ही दणकट कुलपे आली. घरांचा प्रश्न बराच सुटला. सार्वजनिक जागेचा सुटला नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. चहाच्या दुकानात भिंतीवर लिहिलेला पासवर्ड ही सर्वांना वाटलेली एकच किल्ली असते. डब्ल्यूपीए-२ च्या नित्याच्या वापरात ज्याच्याजवळ ती सामाईक किल्ली आहे आणि ज्याने शेजारच्या फोनचा जोडणीचा क्षण टिपला आहे, तो त्या फोनची वाहतूक उलगडू शकतो. जेथे पासवर्डच नाही तेथे तर सगळेच उघडे. 'पासवर्ड आहे म्हणजे सुरक्षित आहे' ही समजूत येथे कोलमडते.

१२/
आता महाराष्ट्राकडे वळू. भारत सरकारने जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला आणि ब्रॉडबँडबरोबर घरोघरी राउटर आले. बहुतेकांनी ते डब्यातून काढले तसेच, कुलपाविना लावले. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले, पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना जबाबदारी घेणारा ईमेल पोहोचला होता. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरी पोहोचले. रहिवाशाची चौकशी झाली, संगणक जप्त झाले. अखेर निष्पन्न झाले ते असे की, त्याच्या उघड्या वाय-फायचा वापर दुसऱ्यानेच केला होता.

१३/
प्रकार एवढ्यावर थांबला नाही. ऑगस्टमध्ये दुसरा ईमेल माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या जाळ्यातून गेला, तर १३ सप्टेंबरच्या दिल्लीतील स्फोटांच्या वेळचा ईमेल चेंबूरमधील एका कंपनीच्या जाळ्यातून. मॅस्केलाइनने दाखवलेले दुसरे वैगुण्य येथे भीषण रूपात उभे राहिले. बोलणारा एक, पत्ता दुसऱ्याचा. २००९ च्या आरंभी मुंबई पोलिसांनी शहरातील उघडी वाय-फाय जाळी शोधून मालकांना ती बंद करण्यास सांगण्याची मोहीम हाती घेतली. वॉरड्रायव्हिंग करणाऱ्यांचे तंत्र आता कायद्याच्या हाती आले होते.

१४/
२३ फेब्रुवारी २००९ रोजी दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या. सार्वजनिक ठिकाणी वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटलीच पाहिजे : एक तर छायाचित्रासह ओळखपत्राची प्रत घ्यावी, नाही तर मोबाइलवर एसएमएसने लॉगिन व पासवर्ड पाठवावा आणि ती नोंद वर्षभर जपावी. विमानतळावर वा स्थानकावर वाय-फाय जोडताना आज मोबाइल क्रमांक आणि ओटीपी का मागितला जातो, याचे मूळ येथे आहे, नवी मुंबईच्या त्या घरात.

१५/
येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा लागतो. ओटीपीमुळे शासनाला वापरकर्ता कोण हे कळते. वापरकर्त्याचा मजकूर शेजाऱ्यापासून झाकला जात नाही. ही तपासाची सोय आहे, गोपनीयतेची नव्हे. किल्ल्याच्या दरवाजावर येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवली म्हणून आतल्या बाजारपेठेत खिसे कापले जाणार नाहीत असे होत नाही. ओटीपी टाकला म्हणजे जोडणी सुरक्षित झाली, असे मानणारे अनेक जण या दोन गोष्टींची गल्लत करतात.

१६/
बाजारपेठेत खिसे किती सहज कापले जातात, हे जगाला ऑक्टोबर २०१० मध्ये दिसले. त्याआधी मे महिन्यात गुगलने कबूल केले होते की, रस्त्यांची छायाचित्रे घेत फिरणाऱ्या त्याच्या मोटारींनी उघड्या वाय-फायमधील मजकुराचे तुकडेही साठवले आहेत. हे प्रकरण तीसहून अधिक देशांतले होते. मग सॅन दिएगो येथील टूरकॉन परिषदेत एरिक बटलर या प्रोग्रामरने 'फायरशीप' हे फायरफॉक्स ब्राउझरला जोडण्याचे छोटे साधन प्रसिद्ध केले. उघड्या वाय-फायवर ते चालू केले की आसपास बसलेल्यांची नावे आणि छायाचित्रे कडेच्या पट्टीत येत. नावावर दोनदा टिचकी मारली की त्या व्यक्तीच्या फेसबुक खात्यात थेट प्रवेश.

१७/
पासवर्ड न चोरता हे कसे शक्य झाले? संकेतस्थळ पासवर्ड एकदाच तपासते आणि मग ब्राउझरला 'कुकी' नावाची एक खूण देते. पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर ती दाखवली की ओळख पटते. जत्रेत एकदा तिकीट काढून मनगटावर शिक्का उमटवून घ्यावा, तसे. त्या काळी बहुतेक संकेतस्थळे पासवर्डचे पान तेवढे कूटबद्ध करत आणि कुकी मात्र उघडी पाठवत. फायरशीप ती हवेतून टिपून आपल्या मनगटावर उमटवत असे. दोष तज्ज्ञांना अनेक वर्षे ठाऊक होता. बटलरने तो कोणालाही वापरता येईल असा केला, म्हणजे कंपन्यांना दुर्लक्ष करणे अशक्य होईल. अल्पावधीत ते साधन लाखो लोकांनी उतरवून घेतले.

१८/
मॅस्केलाइन आणि बटलर यांच्यात १०७ वर्षांचे अंतर, युक्तिवाद एकच. उपाय अर्थात आधीपासून हाताशी होता. नेटस्केप कंपनीने १९९४-९५ मध्येच ऑनलाइन व्यापारासाठी एसएसएल ही पद्धत तयार केली होती. पत्त्यातील 'एचटीटीपीएस'मधला शेवटचा 'एस' तिचीच खूण. जीमेलने जानेवारी २०१० मध्ये ती सर्वांसाठी सुरू केली. फायरशीपनंतर जानेवारी २०११ मध्ये फेसबुकने ती ऐच्छिक ठेवली आणि २०१३ मध्ये सर्वांना लागू केली. विचाराची दिशाच बदलली : हवा बंदिस्त करता येत नसेल, तर पत्रच मोहोरबंद करावे.

१९/
मराठी पत्रव्यवहाराच्या अभ्यासकाला हे तत्त्व नवे वाटणार नाही. शिवकालीन पत्राच्या शिरोभागी मुद्रा असे. पत्र कोणाचे हे ती सांगे. शेवटी मोर्तब असे. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी ओळ घुसडलेली नाही, हे ते सांगे. खलित्यात बंद केल्याने वाटेत कोणी वाचू शकत नसे. एचटीटीपीएस हीच तीन कामे करते. संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ही मुद्रा, मजकुरात फेरफार झालेला नाही याची गणिती खात्री हे मोर्तब आणि कूटलेखन हा खलिता. जासूद कोणत्या वाटेने गेला, वाटेत कोठे मुक्कामाला थांबला, याला मग फारसे महत्त्व उरत नाही.

२०/
खलित्यालाही एक फट होती. २००९ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक या संशोधकाने दाखवले की, वाटेत बसलेला हल्लेखोर 'एस' लागण्यापूर्वीच जोडणी साध्या रूपात अडकवून ठेवू शकतो आणि वापरकर्त्याला पत्ताही लागत नाही. त्यावर २०१२ मध्ये एचएसटीएस हा नियम आला : या संकेतस्थळाशी साध्या रूपात कधीच बोलायचे नाही, हे ब्राउझरने लक्षात ठेवायचे. २०१३ मध्ये स्नोडेन यांच्या गौप्यस्फोटांनी पाळतीची व्याप्ती दाखवली. २०१५ मध्ये 'लेट्स एन्क्रिप्ट'ने प्रमाणपत्रे फुकट केली. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर प्रत्येक साध्या संकेतस्थळावर 'असुरक्षित' असा शेरा मारू लागला.

२१/
कुलपांचीही सुधारणा चालू राहिली. ऑक्टोबर २०१७ मध्ये मॅथी व्हॅनहूफ यांनी 'क्रॅक' नावाने डब्ल्यूपीए-२ च्या हस्तांदोलनातील दोष जाहीर केला. तेरा वर्षे अभेद्य वाटलेल्या कुलपाला फट निघाली, परंतु या वेळी एचटीटीपीएसचा खलिता आत असल्याने हाहाकार माजला नाही. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आले. सोबत 'एन्हान्स्ड ओपन' ही सोय आली, जिच्यात पासवर्ड नसलेल्या जाळ्यावरही प्रत्येक फोनला स्वतंत्र किल्ली मिळते. ती सर्वत्र पोहोचलेली नाही. आणि समोरचे जाळे खरोखर त्या हॉटेलचेच आहे का, हे ती सांगत नाही.

२२/
हा शेवटचा प्रश्न आज कळीचा आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये कॅस्परस्की कंपनीने 'डार्कहॉटेल' प्रकरण उजेडात आणले. आशियातील आलिशान हॉटेलांत उतरलेल्या उच्चपदस्थांनी तेथील वाय-फाय जोडले की, त्यांना ओळखीच्या सॉफ्टवेअरचे नवे रूप घेण्याची सूचना दिसे. ती स्वीकारली की हेर यंत्रात. येथे हवेतून काहीच चोरले गेले नाही. पाहुण्याने स्वतःच दार उघडले. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांनी विमानतळांवर आणि देशांतर्गत विमानांत खऱ्यासारखी दिसणारी बनावट जाळी उभारल्याचा आरोप एका व्यक्तीवर ठेवला. जोडणाऱ्याला एक खोटे पान दिसे आणि त्यात ईमेल वा समाजमाध्यमाचा पासवर्ड मागितला जाई.

२३/
मग सार्वजनिक वाय-फाय टाळावेच का? इतिहासाचे उत्तर तसे नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकात गुगल आणि रेलटेल यांनी मोफत वाय-फाय सुरू केले. जून २०१८ पर्यंत अशी ४०० स्थानके झाली. त्याच वर्षी केरळमधील एर्नाकुलम स्थानकावरील एका हमालाने ओझी वाहता वाहता, स्थानकाच्या वाय-फायवर व्याख्याने ऐकून राज्य लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण केल्याची बातमी देशभर गाजली. ज्याच्या हाती महागडा डेटा पॅक नाही, त्याच्यासाठी हे जाळे ग्रंथालयाइतके मोलाचे आहे. भीतीपोटी ते सोडणे हे सर्वांत गरजू माणसाचे नुकसान ठरते.

२४/
म्हणून प्रत्येक प्रकरणातून उरलेला धडा तेवढा घ्यावा.
• डार्कहॉटेलचा धडा : सार्वजनिक जाळ्यावर असताना समोर आलेली 'अपडेट करा' ही सूचना स्वीकारू नये, ते काम घरी, यंत्राच्या स्वतःच्या सेटिंगमधून करावे.
• ऑस्ट्रेलियाचा धडा : वाय-फायसाठी मोबाइल क्रमांक मागणे समजू शकते, ईमेलचा वा फेसबुकचा पासवर्ड मागणे कधीच नाही. जाळ्याचे नेमके नाव काउंटरवर विचारावे.
• मार्लिनस्पाइकचा धडा : ब्राउझरने प्रमाणपत्राचा इशारा दिला तर 'तरीही पुढे जा' दाबू नये. मुद्रा खोटी असल्याचे तो सांगत असतो.

२५/
आणखी तीन.
• फायरशीपचा धडा : महत्त्वाच्या खात्यांना दुहेरी पडताळणी लावावी, परक्या यंत्रावर काम संपले की लॉगआउट करावे आणि जुनी, कधीही अद्ययावत न केलेली ॲप्स काढून टाकावीत.
• वॉरड्रायव्हिंगचा धडा : फोन आपणहून जुन्या जाळ्यांना जोडला जातो, आणि तेच नाव कोणीही धारण करू शकतो. आपोआप जोडणी बंद ठेवावी, वापर झाल्यावर ते जाळे फोनला विसरायला लावावे.
• सानपाड्याचा धडा : घरचा राउटर उघडा ठेवू नये. निदान डब्ल्यूपीए-२, लांब पासवर्ड आणि राउटरच्या मूळ पासवर्डची बदली, एवढे तरी करावेच.

२६/
व्हीपीएनविषयीही नेमकेपणाने बोलले पाहिजे. एचटीटीपीएस असतानाही कोणत्या संकेतस्थळाला, केव्हा आणि किती वेळ भेट दिली, हे जाळ्याच्या चालकाला बहुधा दिसू शकते. व्हीपीएन ते त्याच्यापासून झाकतो. मात्र तीच माहिती व्हीपीएन कंपनीच्या हाती जाते. विश्वासाची जागा बदलते, गरज संपत नाही. सर्ट-इन या शासकीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतातील व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपायची आहे. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी येथील सर्व्हर हलवले. फुकट व्हीपीएनचा खर्च कोण भागवतो, हा प्रश्न तर विचारलाच पाहिजे. बँकेच्या व्यवहारापुरता स्वतःचा मोबाइल डेटा वापरणे अनेकदा अधिक सोपे.

२७/
१९०३ च्या सभागृहात जे घडले त्याचे पहिले उत्तर द्यायला जगाला शतकाहून अधिक काळ लागला : संदेश कोणीही ऐकू दे, तो वाचता येणार नाही असा करा. हे काम आज बव्हंशी यंत्रे करतात. दुसरा प्रश्न, म्हणजे पलीकडे बोलणारा खरोखर कोण, हा मात्र यंत्राने अर्धाच सोडवला आहे. मुद्रा तपासून इशारा देण्यापर्यंत ब्राउझर येतो. तो इशारा वाचायचा की घाईत अंगठ्याने बाजूला सारायचा, हा निर्णय गाडीची वाट पाहत फलाटावर उभ्या असलेल्या माणसाचा असतो.

लेखनसीमा.